हात वर करणारे गाव



गावकारभारावर विचार करण्यासाठी आपण तुकईथडला आलात. समस्त ग्रामस्थांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

पूर्वी आमचे पाहुणे अकोला-खंडवा मीटर गेजच्या गाडीने, धूळघाटचा रुळांचा वेढा पार करून येत. 2017च्या आरंभी ती गाडी गेज बदलासाठी थांबली. आज आपण सडकेने आलात, त्या कष्टांची आम्हांला जाण आहे. 1956पर्यंत विदर्भ आणि आमचा निमाड एकाच राज्यात होते. पुढे मध्ये राज्यांची सीमा आली, पण सोयरीक तुटली नाही. आजही या मुलखात मराठी, निमाडी, हिंदी आणि कोरकू एकाच बाजारात ऐकू येतात.

मंडळी, आता गावकारभाराकडे येतो. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे 2100 नगर-ग्रामपालिका आहेत. त्यांतल्या बहुतेक लहान गावांत मतदार सभेला जमतात आणि अंदाजपत्रक, कराचा दर हात वर करून ठरवतात. हे ऐकून मला परके वाटले नाही. आपली ग्रामसभाही अशीच आहे. तिचे बळ आमच्या जिल्ह्याने पाण्याच्या कामात पाहिले.

22 जुलै 2022 रोजी आमचा बुरहानपूर जिल्हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’, म्हणजे घरोघरी नळाचे पाणी असलेला, जिल्हा ठरला. 2019च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यातल्या 37,241 घरांत नळ होता. तो 1,01,905 घरांत पोचला. पण प्रमाणपत्रासाठी केवळ साहेबांची सही पुरत नव्हती. काम पुरे झाल्याचा दाखला ग्रामसभेत वाचायचा आणि घरोघरी पाणी येते असा ठराव गावाने करायचा, हा नियम. 254 गावांनी तसे ठराव केले. पाणी तपासायला गावोगावच्या बायकांना शिकवले गेले. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे आणि उतरलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईच्या हाती ती नळी आली, हे मी गावकारभाराचे मोठे यश मानतो.

ठराव झाला म्हणजे काम संपले असे नाही. नळाला रोज पाणी यावे, पाणीपट्टी वेळेवर भरली जावी, गळती दिसताच दुरुस्त व्हावी, यासाठी सभा भरती राहिली पाहिजे. रिकाम्या सतरंजीवर झालेल्या सह्यांनी गाव चालत नाही.

म्हणून माझे एकच मागणे आहे. इथून परत गेल्यावर आपापल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला जा, आणि शेजारच्या घरातल्या बाईलाही सोबत न्या.

आमच्या पाहुणचारात काही उणे राहिले तर पोटात घ्या.