शिक्षणाचे कर्ज आणि वृद्धापकाळाची तरतूद

(पुणे शहरात अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे माहिती अधिकाऱ्याने दिलेले व्याख्यान)



पुण्यास विद्येचे माहेरघर म्हणतात. लातूर, नांदेड, सोलापूर अशा जिल्ह्यांतून दरवर्षी असंख्य मुले-मुली येथे शिकावयास येतात आणि त्यांपैकी अनेकांचे शिक्षण बँकेच्या कर्जावर होते. पुढे हिंजवडीत वा चाकणला नोकरी लागते, पगार हाती येतो आणि प्रश्न उभा राहतो. हप्ता भरून जे चार पैसे उरतात, त्यांतून कर्ज लवकर फेडावे की निवृत्तीसाठी साठवावे? गावातील पालक हा सल्ला बहुधा गुरुजींना, ग्रामसेवकांना किंवा सरपंचांनाच विचारतात. म्हणून हा हिशेब आपण नीट समजून घेतला पाहिजे.

शिक्षणासाठी ऋण घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला होता. त्या काळी विद्येचे ऋण असे सेवेने फेडावयाचे असे. पुढे शासकीय नोकरी मिळाली, की वृद्धापकाळाची चिंता निवृत्तिवेतनावर सोपविता येई.

गेल्या पंचवीस वर्षांत या दोन्ही बाजू बदलल्या. २००१ मध्ये भारतीय बँक संघाने आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आखली आणि सामान्य घरातील मुलांनाही कर्जाचे दार उघडले. दुसरीकडे, १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू झाली. कर्मचाऱ्याच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यातून १० टक्के अंशदान कापले जाऊ लागले. शासनाचा वाटा प्रारंभी तितकाच होता. २०१९ मध्ये तो १४ टक्के करण्यात आला. या व्यवस्थेत पुढेही बदल झाले आहेत. आपणास लागू असलेला शासन निर्णय प्रत्येकाने पाहावा. सारांश, मागचे ऋण आणि पुढची तरतूद ही दोन्ही ओझी आता तरुणाच्या एकाच खांद्यावर, एकाच वेळी येतात.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. एका मुलाचे ६ लाख रुपयांचे कर्ज आहे, व्याज साडेदहा टक्के आणि मुदत दहा वर्षे, असे धरू. महिन्याचा हप्ता सुमारे ८,१०० रुपये येतो आणि दहा वर्षांत व्याजापोटी सुमारे ३ लाख ७१ हजार रुपये जातात. त्याने दरमहा आणखी ३,००० रुपये भरले, तर कर्ज ७४ महिन्यांत फिटते व सुमारे दीड लाख रुपये व्याज वाचते.

हेच ३,००० रुपये त्याने कर्जात न भरता ७.१ टक्के दराने साठविले तर? सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर एप्रिल २०२० मध्ये इतका ठरला होता, म्हणून तो उदाहरणास घेतला. दहा वर्षांनी सुमारे ५ लाख १६ हजार रुपये जमतील. उलट, आधी कर्ज फेडून मोकळ्या झालेल्या उरलेल्या ४६ महिन्यांत हप्त्याची संपूर्ण रक्कम, म्हणजे सुमारे ११,१०० रुपये, त्याच दराने साठविली, तर दहा वर्षांअखेर सुमारे ५ लाख ८८ हजार रुपये होतात. कर्जाचा दर बचतीच्या खात्रीच्या दराहून अधिक असेल, तेव्हा आधी कर्ज फेडणे लाभाचे, हे यावरून दिसते. शेअर बाजारात अधिक परतावा मिळू शकतो हे खरे. पण तो अनिश्चित असतो आणि कर्जावरील व्याज मात्र निश्चित असते.

तथापि या गणितात एक अट दडलेली आहे. कर्ज फिटल्यानंतर तीच रक्कम दरमहा साठविली गेली पाहिजे. ‘फिटले एकदाचे!’ म्हणून ती मोटारसायकलीत वा समारंभात गेली, तर दहा वर्षांनी हाती काही उरत नाही आणि कर्ज सावकाश फेडणारा शेजारी पाच लाखांनी पुढे असतो. आधी कर्ज की आधी बचत, या निवडीने या उदाहरणात सुमारे ७२ हजारांचा फरक पडतो. सवय मोडल्याने मात्र काही लाखांचा पडतो.

यास्तव सल्ला देताना पुढील क्रम ध्यानात ठेवावा. ठरलेला हप्ता चुकवू नये, कारण चुकलेल्या हप्त्याची नोंद पुढील प्रत्येक कर्जाच्या आड येते. मालकाचा वाटा मिळत असेल, तर तो कधीही सोडू नये. भविष्य निर्वाह निधीत कामगार आपल्या वेतनातील सामान्यतः १२ टक्के देतो, तेव्हा मालकही तितकेच देतो. असे दामदुप्पट अन्यत्र मिळत नाही. त्यानंतर तीन-चार महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी बाजूला ठेवावी. हे सर्व करून जे उरेल, त्यासाठीच कर्ज की बचत हा प्रश्न विचारावा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जाची मुदतीपूर्वी परतफेड केल्यास बँकांनी दंड आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१४ पासून आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत शैक्षणिक कर्जावरील व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, नव्या पद्धतीत ती मिळत नाही. म्हणून कर्जाचा खरा दर ठरविताना कराची पद्धतही पाहावी.

शेवटी पालकांविषयी. शैक्षणिक कर्जावर बहुधा आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. मुलाचा जीव हलका व्हावा म्हणून आपला भविष्य निर्वाह निधी काढून त्याचे कर्ज फेडणारे वडील आपणा सर्वांस ठाऊक आहेत. ही माया वंदनीय आहे. परंतु पंचविशीतील मुलापुढे कमाईची तीस-पस्तीस वर्षे असतात, अठ्ठावन्नाव्या वर्षी वडिलांपुढे ती नसतात. शिक्षणासाठी बँक कर्ज देते, म्हातारपणी घर चालविण्यासाठी निवृत्तास असे कर्ज सहसा मिळत नाही. आज वाचविलेला मुलाचा हप्ता उद्या आईवडिलांच्या औषधपाण्याच्या रूपाने त्याच्याकडेच परत येतो.

तेव्हा एखादा पालक आपल्याकडे आला, तर त्याला घाईने होय-नाही सांगू नका. कागद-पेन्सिल घ्या, कर्जाचा दर, बचतीचा दर आणि घरातील माणसांची वये एकाखाली एक लिहा. उत्तर बहुतेक वेळा त्या कागदावरच दिसेल.