टायरवरचे चार आकडे

हा भाग कानात हेडफोन घालून ऐकण्याऐवजी डोळ्यांनी वाचणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे इथे लिहून देतेय. बोलण्यातले 'म्हणजे', 'तर' आणि मधे वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकली आहे. बाकी सगळं जसंच्या तसं.

आजचा विषय आहे गाडीचे टायर. थांबा, लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका! 'माझ्याकडे गाडीच नाही' असं म्हणणाऱ्यांनीही ऐका. घरात वडिलांची, काकांची, दादाची गाडी असतेच आणि सुट्टीत ती चालवायला आपल्याच हातात येते. माझ्याही हातात तशीच आली होती.

गोष्ट २०२४ च्या मे महिन्यातली आहे. मामेभावाचं लग्न होतं, कारंजा लाडला. आम्ही नाशिकहून निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी बाबा, मागे आई, आजी आणि माझा धाकटा भाऊ. डिकीत आहेराच्या पिशव्या, सामान, वर आंब्याची पेटी. गाडी बाबांची, सात वर्षं जुनी, पण बघितली तर कुणी म्हणणार नाही. बाबा दर रविवारी ती धुतात आणि टायरला काळं पॉलिश लावतात. टायर नेहमी नव्यासारखे चमकतात. हे पॉलिश लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

सिन्नरच्या अलीकडे हवा भरायला एका पंक्चरच्या टपरीवर थांबलो. काकांनी गेज लावला. चारही चाकांत २४-२५ पीएसआय. आमच्या गाडीला हवी ३३. मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात हवा जरा कमीच ठेवायची असते, उष्णतेनं फुगते ना." काका काही बोलले नाहीत. त्यांनी हवा ३३ केली, मग मागच्या डाव्या चाकाजवळ बसले, फडक्यानं ते पॉलिश पुसलं आणि मला हाक मारली, "ताई, इकडं बघा." टायरच्या बाजूला केसासारख्या बारीक भेगा होत्या. चारही बाजूंनी, गोल.

"कुठं चालला?"

"समृद्धीनं, कारंजाला."

"मग ह्याच्यावर नका जाऊ. टायर म्हातारं झालंय. निदान मागची दोन तरी बदला."

मला काय वाटलं असेल? हेच, की यांना टायर विकायचेत. मी म्हटलं, "काका, नक्षी तर चांगली आहे की अजून." बाबाही म्हणाले, गाडी वर्षाला जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर चालते, अजून दोन वर्षं सहज निघतील. खरं सांगायचं तर आम्हाला आधीच कळलं होतं. सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजवाल्यानं चार टायरचे अठरा हजार सांगितले होते आणि आम्ही ते 'दिवाळीनंतर बघू'वर ढकलले होते. त्याच महिन्यात मी अठ्ठावीस हजारांचा फोन घेतला होता. हप्त्यावर.

निघालो. समृद्धीला लागलो. कारला तिथं ताशी १२० ची मर्यादा आहे आणि रस्ता असा, की काटा ११५ वर गेलेला कळतही नाही. दुपारचा एक वाजून गेलेला, ऊन मी म्हणत होतं. संभाजीनगर मागे पडलं होतं, जालना यायचं होतं. आणि स्टिअरिंगमध्ये एक बारीक थरथर सुरू झाली. आधी वाटलं रस्ताच तसा असेल. मग सीट थरथरायला लागली. मागून आजी म्हणाली, "अगं, खालून काहीतरी धपधप वाजतंय."

मी ब्रेक दाबला नाही. हे शहाणपण नव्हतं, मी घाबरून गोठले होते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला एवढंच. गाडी हळूहळू मंदावली, मी डावीकडे घेत कडेला थांबवली. सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं केलं, मागे लाल त्रिकोण ठेवला. मागचा डावा टायर फुटला नव्हता. पण त्याच्या नक्षीवर अर्ध्या नारळाएवढा फुगा आला होता. हात जवळ नेला तरी धग लागत होती. आणखी पाच मिनिटं तशीच गेले असते तर? माझ्या मागे आजी बसली होती. मी यापुढे विचार करत नाही.

आता स्टेपनी काढली. तिच्यात हवा होती २० पीएसआय, आणि तीही गाडीइतकीच जुनी. सात वर्षांत तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. ती लावून, धोक्याचे दिवे चालू ठेवून, ताशी ३०-४० नं अगदी डावीकडून जालन्याच्या फाट्यापर्यंत गेलो. जालन्यात चारही टायर घेतले. हळद चुकली. बाबा त्या दिवशी रात्रीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तर मंडळी, चुकलं कुठे? ते समजून घेऊ, कारण ही चूक घरोघरी होते.

पहिली चूक : उन्हाळ्यात हवा कमी ठेवणं. हे ऐकायला बरोबर वाटतं, पण उलटं आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात आणि पुन्हा सरळ होतात. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की गरम होते ना, तसंच. टायर मुख्यतः या दबण्या-उठण्यानं तापतो. वेग जास्त, गाडी भरलेली, वर ऊन, की आतले थर सुटायला लागतात. म्हणून उन्हाळ्यात हवा बरोबर ठेवायची, कमी नाही. बरोबर म्हणजे किती? ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर पुढच्या-मागच्या चाकांची हवा लिहिलेली असते. बऱ्याच गाड्यांत पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा, जास्तीचा आकडाही असतो. टायरवर जो मोठा आकडा छापलेला असतो, ती कमाल मर्यादा आहे. ती भरायची नसते.

हवा नेहमी टायर थंड असताना मोजायची. सकाळी, घराजवळच्या पंपावर. दूरचा प्रवास करून मोजलीत तर ३३ ची ३७-३८ दिसेल. ते स्वाभाविक आहे, घाबरून हवा सोडू नका. सोडलीत तर टायर थंड झाल्यावर ती कमी पडेल. आणि हो, आम्ही त्या दिवशी हवा ३३ केली होती, तरी टायर गेला. कारण कमी हवेवर कित्येक महिने चाललेल्या टायरचं आतलं नुकसान पंपावरच्या दोन मिनिटांत भरून निघत नाही.

दुसरी चूक : फक्त नक्षी बघणं. टायर झिजून जसा संपतो, तसा वयानंही संपतो. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर तर नक्षी असतानाच म्हातारा होतो, कारण रबर उन्हानं आणि हवेनं कडक होत जातं. त्याचं वय कळायला सोपा मार्ग आहे. टायरच्या बाजूला 'डीओटी' अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. आमच्या टायरवर होतं १४१७. म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा, एप्रिलची सुरुवात. एका बाजूला आकडे दिसले नाहीत तर दुसऱ्या, आतल्या बाजूला बघा. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. भेगा, फुगा, चीर दिसली तर वय न बघता बदला. आणि नवा टायर घेतानाही हे आकडे वाचा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर 'नवा' म्हणून घेऊ नका.

तिसरी चूक माझी. जाणत्या माणसानं फुकट दिलेला सल्ला मी विक्रीचा डाव समजले.

समृद्धीबद्दल एक सांगते. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. जुन्या रस्त्यानं जाताना गावं यायची, गतिरोधक यायचे, चहाला थांबायचो. टायरलाही आपोआप विश्रांती मिळायची. इथं एकाच वेगानं तासन्‌तास जाता येतं. म्हणून आता थांबा आपणच ठरवायचा. दीड-दोन तासांनी थांबा, पाय मोकळे करा आणि गाडीभोवती एक चक्कर मारून चारही चाकं बघा.

आता पावसाळा. उन्हाळा टायरच्या हवेची परीक्षा घेतो, पावसाळा नक्षीची. नक्षीतल्या खाचा रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकतात. खाचा उथळ झाल्या की पाणी टायरखालीच राहतं आणि वेगात गाडी पाण्यावर तरंगते. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तसं झालं तर जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग झटक्यात वळवायचं नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, टायर पुन्हा रस्ता पकडेपर्यंत धीर धरायचा. खाचांच्या तळाशी मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात, झीज दाखवण्यासाठी. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. पण पावसासाठी तितकं थांबू नका. ३ मिलिमीटरच्या आसपास आला की जूनच्या आधी बदला.

दोनच टायर घ्यायचे असतील तर ते मागे टाका. हो, मागे, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीही. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ पुढे जाते, वेग कमी केला की बहुतेक वेळा सावरता येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही.

पावसाळ्याची बाकीची कामं भराभर सांगते. वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक होतं, मे अखेरीला बदला. काच आतून धुरकटली तर एसी लावून हवा काचेवर सोडा, हातानं पुसत बसू नका. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून निसरडं होतं, तेव्हा पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. पावसात गाडी चालू असताना धोक्याचे चारही दिवे लावू नका. मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय हे कळत नाही. साधे हेडलाइट लावा. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्ट करू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं आणि आतला दांडा वाकतो. तेव्हा उतरून ढकला, खर्च वाचेल.

आणि थंडी? आमच्या नाशिकला डिसेंबरच्या पहाटे चांगलाच गारठा असतो. तापमान साधारण पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा एक पीएसआयनं कमी होते. ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या सकाळी तितकी राहत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तपासणी, स्टेपनीसकट. पाच चाकं मोजायची, चार नाही.

शेवटी एक काम देते. हा भाग संपला की फोन घेऊन खाली पार्किंगमध्ये जा. टॉर्च लावा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो काढा, पाचही टायरच्या त्या चार आकड्यांचे फोटो काढा आणि दर महिन्याच्या एक तारखेला रिमाइंडर लावा. दहा मिनिटं लागतील. हप्त्यावर घेतलेल्या फोनचा माझ्याकडून झालेला सगळ्यात चांगला उपयोग हाच.

लग्नाहून परतताना त्या टपरीवर मुद्दाम थांबले. काकांनी नवे टायर पाहिले. 'सांगितलं होतं ना' असं म्हणाले नाहीत. फक्त गेज काढला, पाचही चाकांची हवा मोजली आणि म्हणाले, "गरम आहेत, आज नको भरू. उद्या सकाळी बघ." बाबा शेजारी उभे होते. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं : ३३, थंड असताना.

तुमच्या टायरवर कोणते चार आकडे निघाले, ते मला नक्की कळवा. सगळ्यात म्हातारा टायर कुणाचा, ते पुढच्या भागात सांगेन. तोवर सावकाश चालवा, सुखरूप पोहोचा. भेटूच.