सारखे उच्चार, निराळी अक्षरे

दिवेलागण झाली, की पुष्कळ मराठी घरांतून इंग्रजी शुद्धलेखनाची वही उघडते. वडील शब्द सांगतात, मूल लिहिते. ‘नाइट’ म्हणजे रात्र, हे त्याने बरोबर लिहिले. पुढचा शब्दही ‘नाइट’च, पण अर्थ सरदार, आणि आरंभी ‘के’ हे अक्षर. मूल विचारते, “बाबा, बोलताना ‘के’ नाही, मग लिहायचा कशाला?” उत्तर ठरलेले असते : “ते तसेच असते. पाठ कर.”

या उत्तराने प्रश्न मिटतो, आणि त्याबरोबर जिज्ञासाही मिटते. पुढे वहीत तांबड्या खुणा वाढू लागल्या, म्हणजे मूल स्वतःला मंद समजू लागते. वास्तविक त्याचा प्रश्न शहाणपणाचा होता, आणि त्याला उत्तरही आहे.

तो ‘के’ एके काळी बोलला जात असे. मधली ‘जी-एच’ ही अक्षरेही घशातून, घासून काढलेल्या ‘ख’सारखी उच्चारली जात. ‘क्नेख्ट’ या जर्मन भावंड-शब्दात ते दोन्ही ध्वनी आजही ऐकू येतात. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडातील पहिला छापखाना घातला. छपाईमुळे शब्दांची लेखी रूपे हळूहळू स्थिरावू लागली. परंतु सुमारे १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर आपल्या जागा सोडीत होते. उच्चार पुढे गेला, अक्षरे मागे राहिली. भेटणे या अर्थाचा ‘मीट’ दोन ‘ई’ घेतो, मांस या अर्थाचा ‘ई-ए’ घेतो. कारण त्या काळी ते दोन स्वर खरोखरच निराळे होते.

यात पंडितांनीही भर घातली. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ फ्रेंचमधून आला, तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून तो मागाहून बसविण्यात आला. ‘आयलंड’ या अस्सल इंग्रजी शब्दात तर ‘एस’ निव्वळ गैरसमजुतीने शिरला. ‘आइल’ या परक्या शब्दाशी त्याचे नाते आहे, असे मानले गेले! पंडितांची ही चूक आज शुद्ध ठरते आणि ‘एस’ गाळणारे मूल चुकते.

हे वैगुण्य एकट्या इंग्रजीचे आहे, असे मात्र नाही. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलण्यात बहुधा एकच होतात. ‘नांव’, ‘पांच’ यांवरील अनुस्वार बोलण्यातून गेल्यावरही लिहिण्यात टिकून होते; १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते काढून टाकले. इंग्रजीला असा सर्वमान्य अधिकारी लाभला नाही. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ साली तीनशे शब्दांची सोपी रूपे सरकारी छपाईत आणू पाहिली. विरोधामुळे त्याच वर्षी त्यांना माघार घ्यावी लागली.

मराठी मुलापुढे आणखी एक अडचण असते. पश्चिम दिशा दाखविणारा ‘वेस्ट’ ओठांचा चंबू करून उच्चारतात. अंगात घालण्याचा ‘वेस्ट’ खालच्या ओठाला वरचे दात टेकवून. मराठी तोंडी दोन्हींचा एकच ‘व’ होतो. इंग्रजाला भिन्न वाटणारे हे शब्द सांगणाराच एक करून टाकतो, आणि दोष मात्र लिहिणाराच्या माथी येतो.

म्हणून सुटा शब्द सांगू नये, वाक्य सांगावे. अर्थ कळला, की अक्षरे निवडता येतात. शब्दांची कुटुंबे दाखवावीत. ऐकणे या अर्थाच्या ‘हिअर’मध्ये कानाचा ‘इअर’ सबंध आहे; तर येथे, तेथे, कोठे या स्थलवाचक तिन्ही शब्दांचा शेवट ‘ई-आर-ई’ असा एकच आहे. ‘स्टेशनर’ म्हणजे पूर्वी फेरीवाला नव्हे, तर एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता. त्याच्या नावाच्या शेवटी ‘ई-आर’ येतात, म्हणून त्याच्या कागद-लेखण्यांच्या ‘स्टेशनरी’तही ‘ई-आर’. स्थिर या अर्थाच्या शब्दात मात्र ‘ए-आर’. ‘प्रॅक्टिस’ हे नाम की क्रियापद, याचा उलगडा कानाने होत नाही. तेथे ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘अ‍ॅडव्हाइझ’ ही जोडी आठवावी. नामात ‘सी’, क्रियापदात ‘एस’, हा ब्रिटिश लेखनाचा नियम त्या जोडीत स्पष्ट ऐकू येतो.

प्रत्येक शब्दाचा असा उलगडा होईलच असे नाही. काही शब्द अखेर पाठच करावे लागतात. परंतु दहांपैकी चार शब्दांचे कारण समजले, तरी उरलेल्या सहांची भीती कमी होते. उद्या वही उघडेल, मूल पुन्हा ‘के’पाशी थांबेल. त्या वेळी वडिलांनी एवढे सांगावे : “बाळ, पूर्वी तो बोलत असत.”