रिकाम्या आसनाचा हिशेब
(वळ येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



विमानव्यवसायात अर्थशास्त्रज्ञ करतो तरी काय, असे आम्हांस वारंवार विचारले जाते. विमान तो चालवीत नाही, दुरुस्तही करीत नाही. उत्तर या वळ गावाच्या गोदामांपाशीच मिळेल. येथली पेटी आज उचलली नाही तर उद्या उचलता येते. भाडे तेवढे वाढते. विमानातले आसन मात्र उड्डाणाच्या क्षणी रिकामे राहिले की कायमचे गेले. म्हणून कोणत्या मार्गावर, कोणत्या दिवशी, किती प्रवासी काय दराने मिळतील, याचा अंदाज आधी बांधणे हे आमचे काम. इंधन महागले, रुपया घसरला की सारे पुन्हा मांडावयाचे, कारण विमानांचे भाडे बहुधा डॉलरांत चुकवावे लागते. विमाने भरलेली असूनही कंपनी बुडते, हे पुष्कळांस पटत नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा देशात प्रवाशांची वाण नव्हती.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून जुहूस विमान घेऊन आले, ते टपालाच्या उत्पन्नावर विसंबून. म्हणजे हिशेब पहिल्या दिवसापासून आहेच.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. मोठ्या विमानतळांवरील शुल्क २००८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले आर्थिक नियामक प्राधिकरण ठरविते. ते आपले प्रस्ताव प्रसिद्ध करून मते मागविते. विमानतळचालक व विमान कंपन्या आपापले अर्थतज्ज्ञ पुढे करून आकड्यांनी वाद घालतात. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ वाहतुकीस खुला झाला. त्यासाठी पनवेल-उलव्याकडील गावे उठली. तेथल्या मुलांस सामान उचलण्याची व पहाऱ्याची कामे सुचविली जातात. या आकड्यांच्या मेजाची आठवण कोणी करून देत नाही. वळमध्ये तरी निराळे काय आहे? जमिनीवर गोदाम उभे राहते, आणि त्याच्या दराचा हिशेब दुसराच करतो.

वैमानिकाच्या शिक्षणास लागतो तेवढा पैसा येथे लागत नाही. अर्थशास्त्र व संख्याशास्त्र पक्के हवे. पुण्याची गोखले संस्था १९३० पासून आणि मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग त्याहून आधीपासून हे शिकवीत आहेत. मेळावा आटोपल्यावर आम्ही तासभर येथेच बसणार आहोत. बारावी झालेल्या मुलींनाही पालकांनी अवश्य घेऊन यावे.