इंग्रजी लेखनातील कारण व परिणाम



पारोळा तालुक्यातील बोरीकाठचा विद्यार्थी इंग्रजीत रजेचा अर्ज लिहावयास बसतो, तेव्हा ‘नदीला पूर आल्यामुळे’ हे शब्द त्याच्या मनात तयार असतात. ‘मुळे’ म्हणजे ‘ड्यू टू’ हे त्याने पाठ केलेले. तेव्हा ‘ड्यू टू द रिव्हर वॉज इन फ्लड’ असे लिहून तो मोकळा होतो. ही चूक आळसाची नव्हे. मराठीत ‘येणे’ या क्रियापदाचे ‘आल्या’ असे रूप होऊन त्यास ‘मुळे’ सहज जोडता येते. इंग्रजीत ‘ड्यू टू’पुढे नाम हवे, ‘द फ्लड’. पुढे कर्ता-क्रियापदाचे वाक्यच ठेवावयाचे तर ‘बिकॉज’ घ्यावे लागते. (जुने वैयाकरण अशा ठिकाणी ‘ओइंग टू’चाच आग्रह धरीत, त्या वादात मुलास ओढू नये.)

दुसरी खोड ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’ या जोडीची. ‘अ‍ॅज’ने आरंभ केलेल्या वाक्यात तो मध्येच ‘देअरफोर’ घालतो. इंग्रजीस दोहोंपैकी एकच पुरते.

२००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. तरी हे दोष केवळ लाल शाईने जात नाहीत. कारण कोणते व परिणाम कोणता, हे मुलाकडून आधी तोंडी, हवे तर अहिराणीत, वदवून घ्यावे. अर्ज वाचणारास कारणच उमगले नाही, तर खरी अडचणही सबब ठरते.