ते स्वप्नच होते का, आई?

श्रोतेहो, मुलांना कोणता चित्रपट दाखवावा याचा विचार आईबाप पुष्कळ करतात. परंतु तो पाहताना मुलांच्या शेजारी कोण बसले आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. या दृष्टीने अमेरिकेतील एका चित्रपटाची हकीकत उद्बोधक आहे.

एल. फ्रँक बॉम या लेखकाने १९०० साली डोरोथी नावाच्या अनाथ मुलीची अद्भुत कथा प्रसिद्ध केली. कॅन्ससच्या रुक्ष माळावरून वावटळ तिला घरासकट उचलते आणि ऑझ नामक अद्भुत देशात नेऊन सोडते. १९३९ साली या कथेवर ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ हा चित्रपट निघाला. त्यात कॅन्सस मातकट, एकरंगी आहे. डोरोथी ऑझमध्ये दार उघडते आणि पडदा रंगांनी न्हाऊन निघतो. पुस्तकातील रुपेरी जोडेही चित्रपटात माणकांचे झाले.

१९५६ साली हा चित्रपट प्रथम दूरचित्रवाणीवर आला आणि पुढे जवळजवळ दरवर्षी तो घरोघर पाहण्याचा प्रघात पडला. परंतु त्या काळी बहुतेक घरांतील संच कृष्णधवल! दार उघडले, तरी मुलांना जसे कॅन्सस, तसेच ऑझ.

अशा एका घराची कल्पना करा. आईने हा चित्रपट लहानपणी चित्रपटगृहात पाहिलेला आहे. आता सहा वर्षांची मुलगी तिच्या कुशीत बसली आहे. “हा रस्ता पिवळाधमक आहे बरं का, आणि जोडे लालभडक,” आई सांगते आणि मुलगी आईच्या डोळ्यांनी रंग पाहू लागते. पुढे दुष्ट चेटकीण येते. तिचा चेहरा हिरवा आहे, हे मात्र आई सांगत नाही. ती मुलीचा हात अधिक घट्ट धरते. ही भूमिका करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन पूर्वी बालवर्गाच्या शिक्षिका होत्या. १९७५ साली फ्रेड रॉजर्स यांच्या मुलांच्या कार्यक्रमात त्यांनी चेटकिणीचा पोशाख सर्वांदेखत अंगावर चढवून दाखविला. वेषाच्या आत एक साधी, प्रेमळ बाई आहे, हे बालप्रेक्षकांना कळावे म्हणून!

चित्रपटाच्या शेवटी डोरोथी अंथरुणावर जागी होते आणि वडील माणसे तिला समजावतात की, हे सारे स्वप्न होते. मुलगी हिरमुसते. “म्हणजे सगळं खोटंच का गं, आई?”

आई वाद घालीत नाही. दुसऱ्या दिवशी ती मूळ पुस्तक आणून शेवटचे पान वाचून दाखविते. तेथे डोरोथी माळावर परतते, तेव्हा तिला हेन्रीकाकांनी बांधलेले नवे घर दिसते.

“नवं का?” मुलगी विचारते.

“जुनं वाऱ्यानं उडून गेलं होतं ना!”

मुलीचा चेहरा उजळतो. डोरोथी खरोखरच गेली होती तर!

श्रोतेहो, पडद्यावर नसलेले रंग आईने दिले, नको ती भीती स्वतःजवळ ठेवली आणि मुलीच्या प्रश्नाला हसण्यावारी न नेता तिच्या हाती पुस्तक दिले. मुलांच्या शेजारी बसायचे, ते एवढ्याचसाठी.