सवयीबाहेरचं वाचन

(मंडळाच्या वाचक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या गणपतीत आमच्या घरी एक छोटा प्रसंग घडला. मी पु. लं.चं एक पुस्तक कितव्यांदा तरी हातात घेऊन बसले होते. अकरा वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, तू तीच तीच पुस्तकं का वाचतेस?" म्हटलं, "आवडतात म्हणून." त्यावर तो म्हणाला, "मग दुसरी आवडत नाहीत, हे तुला कसं कळलं?"

मी शाळेत गणित शिकवलेली बाई, पण या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही. तेव्हा ठरवलं, या गणपतीपासून पुढच्या गणपतीपर्यंत आजवर हात न लावलेल्या प्रकारांतलीच पुस्तकं वाचायची. बावीस झाली. चार अर्धवट सोडली, त्यांची नावं सांगत नाही. ज्यांना ती आवडतात त्यांचा विरस कशाला? मनात राहिलेल्या पाचांबद्दलच बोलते.

पहिलं, जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'. विज्ञानकथा म्हणजे मुलांचं काम, असा माझा समज होता. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत मंगलाताईंनी उतरवली होती. नावाच्या वजनानं नव्हे, कथेच्या गुणानं बक्षीस मिळावं, एवढाच हेतू. या संग्रहातली 'उजव्या सोंडेचा गणपती' मी नातवाला वाचून दाखवली. मग आम्ही बटर पेपरची पट्टी कापली, एक पीळ देऊन टोकं चिकटवली आणि त्यावरून कागदी गणपती एक फेरी फिरवला. पारदर्शक कागदातून पाहिलं तर सोंड दुसऱ्या बाजूला! त्या रात्री पुढची कथा त्यानं स्वतः वाचायला घेतली. शाळेतल्या हिंदीमुळे अक्षरं येतात, पण मराठी पुस्तक तो पहिल्यांदाच आपणहून उघडत होता. आपल्या घरांत मराठी बोलली जाते, वाचली जात नाही, हे दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. माझं औषध एवढंच, की अर्धी गोष्ट आपण वाचावी आणि रंगात आली की थांबावं.

दुसरं 'रान'. अमेरिकन लेखक कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबरीचा जी. ए. कुलकर्णी यांनी केलेला अनुवाद. जी.ए. म्हटलं की आपण 'काजळमाया', 'पिंगळावेळ' म्हणतो. हा अनुवाद बाजूला राहतो. एक कुटुंब ओहायोच्या घनदाट जंगलात राहायला जातं. आई मरते आणि थोरली मुलगी भावंडांना वाढवते. वाचताना मला आपलीच घरं आठवली. आपलेही कोणीतरी पूर्वज नोकरीसाठी, व्यापारासाठी इकडे आले. इथं भाषा वेगळी, भाकरी ज्वारीची, माणसं अनोळखी. त्या पहिल्या पिढीतल्या बायकांनी काय सोसलं, ते कोणी लिहून ठेवलं नाही.

तिसऱ्या पुस्तकानं मला अस्वस्थ केलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. पाककृतींचं पुस्तक म्हटलं की आमच्या पिढीला 'रुचिरा'. हे मराठवाड्यातल्या दलित समाजाच्या खाण्याचं पुस्तक आहे. पंक्तीत आपण 'पूर्णब्रह्म' म्हणतो, त्याला हे नाव म्हणजे उत्तरच. तेल-तूप बेताचं, आणि इतरांनी टाकलेल्या गोष्टींतूनही चव काढलेली. मी दोन दिवस पुस्तक मिटून ठेवलं. आमच्याकडे वीस वर्षं एक बाई भांड्यांना येत होत्या. त्यांनी माझ्या हातचं शेकडो वेळा खाल्लं असेल. त्यांच्या घरी काय शिजतं, हे मी एकदाही विचारलं नाही. आता त्या येत नाहीत. पुस्तक पुन्हा उघडलं आणि पूर्ण केलं.

चौथं, उमा कुलकर्णी यांचं आत्मकथन 'संवादु अनुवादु'. उमाताई बेळगावच्या. भैरप्पांचं 'वंशवृक्ष', 'पर्व' आपण वाचलं ते त्यांच्यामुळे. त्यांची अनुवादाची पद्धत मला फार आवडली. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवायचे, आणि ऐकून उमाताई ते मराठीत उतरवायच्या.

इथं मला स्वतःची लाज वाटली. सांगलीहून लग्न होऊन मी धारवाडला आले, त्याला शेहेचाळीस वर्षं झाली. बाजारात, शेजारी, दवाखान्यात कन्नड बोलते. 'चिगरी' बसवरची पाटी वाचते. पण कन्नड पुस्तकाचं एक पानही कधी वाचलं नव्हतं. आमची सून कन्नड घरातली. मी तिला म्हटलं, "मला वाचून दाखवशील?" तर म्हणाली, "अत्ते, कोणतं आणू?"

तिनं आणलं ते पाचवं पुस्तक, मल्लिकार्जुन मन्सूर यांचं 'नन्न रसयात्रे'. रविवारी सकाळी मी भाजी निवडायची आणि तिनं वाचायचं. धारवाडजवळच्या खेड्यातला मुलगा मिरजेला नीलकंठबुवांकडे शिकतो, पुढे मंजीखाँ साहेबांची तालीम घेतो. मिरज तर माझ्या माहेरचा मुलूख! दोन-तीन आठवड्यांत लक्षात आलं, की मला बहुतेक सगळं समजतंय. अडत होती ती फक्त लिपी. पुस्तक संपल्यावर ती म्हणाली, "आता तुम्ही जी.ए. वाचून दाखवा." सध्या 'काजळमाया' चालू आहे.

शेवटी एक गोष्ट सांगते. १९७३ या एकाच वर्षासाठी आपल्या धारवाडात दोन मोठे पुरस्कार आले. द. रा. बेंद्रे यांना 'नाकु तंती'साठी ज्ञानपीठ आणि जी.एं.ना 'काजळमाया'साठी साहित्य अकादमी. जी.एं.नी तो पुढे परत केला, ही गोष्ट वेगळी. बेंद्रे घरी मराठी बोलायचे आणि कन्नडमध्ये लिहायचे. जी.ए. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि मराठीत लिहायचे. साधनकेरीवरून मी हजारदा गेले असेन, पण बेंद्र्यांची एक कविता ऐकायला मला इतकी वर्षं लागली.

म्हणून मंडळाला एक विनंती. महिन्यातून एक संध्याकाळ ठेवू या. एकानं कन्नड वाचावं, एकानं मराठी, बाकीच्यांनी ऐकावं. सुनांना, जावयांना, शेजाऱ्यांनाही बोलवावं. चहा माझ्याकडे. आणि मंडळाची जी पुस्तकं वर्षानुवर्षं आपल्या घरी पडून आहेत, ती त्या दिवशी परत आणावीत. माझ्याकडे तीन सापडली.

गणपती बाप्पा मोरया!